जोतीरावांचा डावा हात

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी भागातील कोळीवाड्याच्या सभागृहात जोतीराव फुले यांचा जाहीर सत्कार झाला. रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या हस्ते जनतेच्या वतीने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. वयाची साठ वर्षे उलटलेल्या आणि त्यांतील चाळीस वर्षे लोककार्यात वेचलेल्या पुरुषाचा तो उचित गौरव होता. परंतु त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, जोतीरावांवर पक्षाघाताचा आघात झाला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने ‘गुलामगिरी’ लिहिली, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो हात निकामी झाला. पुढे त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा आपला अखेरचा ग्रंथ डाव्या हाताने लिहून पुरा केला.

हा प्रसंग महाराष्ट्रातील शाळांतून दरवर्षी ११ एप्रिलला, त्यांच्या जयंतीच्या भाषणांत, सांगितला जातो आणि त्यातून इच्छाशक्तीचा धडा घेतला जातो. तो धडा खराच आहे. तथापि या प्रसंगाला दुसरीही एक बाजू आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. जोतीरावांवर जो घाव पडला तो १८८८ साली कोणालाही आधी ओळखता येण्याजोगा नव्हता. आज तो पुष्कळ अंशी ओळखता येतो, कित्येकदा टाळता येतो. असे असूनही परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत कर्ती माणसे तशीच अकस्मात खाटेला खिळतात. त्या काळी ज्ञान नव्हते. आज ज्ञान आहे, पण ते माणसापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. जोतीरावांच्या अखेरच्या अडीच वर्षांकडे या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे.

जोतीराव प्रकृतीने दुबळे नव्हते. तरुणपणी त्यांनी लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा आणि नेमबाजी यांचे शिक्षण घेतले होते. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढल्यापासून त्यांचे आयुष्य अखंड धावपळीचे झाले. शाळा, विधवांच्या अर्भकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना, १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासदत्व, १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन, अशी ही दीर्घ मालिका आहे. तिच्या जोडीला बांधकामाच्या ठेक्यांचा व्यवसायही होता. उन्हातान्हात कामावर उभे राहणाऱ्या, स्वतः कमावून समाजकार्यात घालणाऱ्या माणसाचे हे जीवन होते. कष्टाळू आणि काटक माणसाला असा विकार होत नाही ही समजूत आजही खेड्यापाड्यांत दृढ आहे. जोतीरावांचे चरित्र तिला पुरेसे उत्तर आहे.

त्यांच्यावर उपचार केले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. घोले हे आपल्या काळातील नामांकित शल्यवैद्य, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि जोतीरावांचे स्नेही होते. निष्ठेत ते कोठेही कमी पडले नाहीत. पण त्यांच्या हाती काय साधन होते? रक्तदाब मोजण्याचे दंडाला बांधावयाचे उपकरण इटलीतील रिवा-रॉची यांनी प्रसिद्ध केले १८९६ साली. रशियन वैद्य कोरोटकोव्ह यांनी स्टेथॉस्कोपने रक्तदाब ऐकण्याची रीत दाखविली १९०५ साली. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. मेंदूचे छेदचित्र दाखविणारे सीटी स्कॅन यंत्र रुग्णासाठी प्रथम वापरले गेले १९७१ साली. म्हणजे जोतीरावांचा रक्तदाब किती होता, मेंदूत रक्तस्राव झाला होता की रक्ताची गुठळी अडकली होती, यांपैकी एकही गोष्ट खात्रीने जाणण्याचा मार्ग त्या काळच्या वैद्यापुढे नव्हता. नाडी पाहावी, विश्रांती सांगावी, शुश्रूषा करावी आणि वाट पाहावी, एवढेच वैद्याच्या हाती होते. सावित्रीबाईंची शुश्रूषा आणि घोल्यांची देखरेख यांच्या बळावर जोतीराव त्या आघातातून उठले.

या विकाराला आयुर्वेदाने पक्षाघात म्हटले आणि वातव्याधींत त्याची गणना केली. आपल्या ग्रामीण बोलीत आजही अंगावरून वारे गेले असे म्हणतात. या शब्दात भोगणाऱ्याचा अनुभव आहे, पण कारण नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढे असते, परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. तो साठवून ठेवण्याची सोय मेंदूपाशी नाही. रक्ताचा पुरवठा मुख्यतः मानेच्या दोन बाजूंनी वर जाणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्या करतात. कंठमण्याच्या बाजूला बोट ठेवले असता जिचे ठोके लागतात तीच ही कॅरोटिड रोहिणी. मानेमागून चढणाऱ्या आणखी दोन रोहिण्या मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवितात. मानेतील या रक्तवाहिन्यांचे महत्त्व प्राचीनांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेत मर्मांची गणना करताना मानेतील सिरामातृकांना इजा झाल्यास तत्काळ मृत्यू येतो असे सांगितले आहे.

मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या अंगावर हुकमत चालवितो आणि उजवा भाग डाव्या अंगावर. जोतीरावांचे उजवे अंग गेले, त्यावरून आघात मेंदूच्या डाव्या बाजूस झाला असे मानावे लागते. बहुतेक माणसांत वाचेचे आणि भाषेचे केंद्र याच डाव्या भागात असते. त्यामुळे अशा रुग्णांत हातापायांबरोबर वाणीही हरपण्याचा धोका फार असतो. शब्द ऐकू येतात पण कळत नाहीत, किंवा मनात असतात पण उमटत नाहीत. जोतीरावांनी त्यानंतर एक संपूर्ण ग्रंथ सिद्ध केला, याचा अर्थ त्यांचे भाषासामर्थ्य शाबूत राहिले होते. हात गेला, पण शब्द वाचला. या दृष्टीने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा त्यांच्या विचारांचा जसा पुरावा आहे, तसा त्यांच्या आजाराच्या स्वरूपाचाही आहे.

हा आघात होतो कशाने? त्याचे मुख्य प्रकार दोन. मेंदूतील रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो, किंवा रक्तवाहिनी बंद होऊन मेंदूचा तेवढा भाग उपाशी पडतो. दुसरा प्रकार अधिक आढळतो. रक्तवाहिनी बंद होण्याचीही कारणे अनेक आहेत. मानेतील कॅरोटिड रोहिणी दुभंगते त्या जागी वर्षानुवर्षे स्निग्ध पदार्थांचा थर साचतो, वाट अरुंद होते, आणि त्या थराचा तुकडा किंवा त्यावर जमलेली गुठळी सुटून मेंदूत जाऊन अडकते. कधी अनियमित ठोके पडणाऱ्या हृदयात, किंवा लहानपणीच्या सांधेतापाने झडपा बिघडलेल्या हृदयात, गुठळी तयार होऊन वर जाते. कधी दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने मेंदूतील बारीक रक्तवाहिन्याच झिजून बंद होतात. भारतीयांत आणि एकूणच आशियाई लोकांत कवटीच्या आतील रक्तवाहिन्या अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा अधिक दिसते, हेही ध्यानी घेतले पाहिजे. या सर्व वाटांना येऊन मिळणारी कारणे मात्र थोडी आणि ओळखीची आहेत: उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल, मद्य, वाढलेले वजन आणि बैठे आयुष्य. त्यांत रक्तदाबाचे स्थान पहिले.

मेंदूच्या आघाताचे मूळ मानेत असू शकते, ही गोष्ट वैद्यकाच्या गळी उतरावयास फार काळ लागला. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ साली अशा रुग्णांच्या शवविच्छेदनावरून मेंदूतील रक्तस्राव आणि बंद झालेल्या रक्तवाहिन्या यांचे वर्णन केले होते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गुठळी एका जागी बनून दुसरीकडे जाऊन अडकते हे सिद्ध केले. पण कॅरोटिड रोहिणीच्या विकाराचे खरे महत्त्व पटवून दिले ते कॅनेडियन वैद्य मिलर फिशर यांनी, १९५१ साली. त्यानंतर दोनतीन वर्षांतच, १९५३ साली अमेरिकेत डिबेकी यांनी आणि १९५४ साली लंडनमध्ये ईस्टकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मानेतील अरुंद झालेल्या रोहिणीवर यशस्वी शस्त्रक्रिया केल्या. जोतीरावांच्या निधनाला तोवर साठांहून अधिक वर्षे लोटली होती.

रक्तदाबाची हकीगतही अशीच आहे. तो मोजता येऊ लागल्यावरही कित्येक दशके त्यावर परिणामकारक औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला होता. महासत्तेची सर्व साधने दिमतीला असूनही १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. पुढे चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याकडील सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात सिद्ध करून दाखविला आणि जगाचे लक्ष वेधले. रक्तदाब औषधांनी आटोक्यात ठेवला तर पक्षाघात टळतात, हे १९६७ आणि १९७० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी निर्विवाद ठरविले. आज ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रावर मिळतात. एका अध्यक्षाला जे लाभले नाही ते जिंतूर-सोनपेठच्या शेतमजुराला मिळू शकते. केवळ दंड पुढे करावयाचा असतो.

आणि तेथेच घोडे अडते. उच्च रक्तदाब दुखत नाही. मधुमेह आरंभी जाणवत नाही. कचेरीत दिवसभर फायलींवर वाकलेला कारकून, वर्गात आठ तास उभा राहणारा शिक्षक, घरचे सगळे आटोपून शेतावर जाणारी बाई, यांपैकी कोणालाही आपल्या रोहिणीत काय साचते आहे हे कळत नाही. त्यात जेवणासोबत खारे लोणचे, पापड आणि नंतर तंबाखूची चिमूट. औषध सुरू झाले तरी बरे वाटते म्हणून महिनाभरात बंद केले जाते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. त्याचा लाभ घेण्यास रोगी असावे लागत नाही.

मग मानेतील रोहिणीचीही तपासणी सर्वांनी का करून घेऊ नये, असा प्रश्न सुशिक्षित वाचकाच्या मनात येईल. ध्वनिलहरींनी रोहिणीचे चित्र घेणारी डॉप्लर तपासणी वेदनारहित आहे आणि मोठ्या शहरांतून ती सर्वांगतपासणीच्या पुडक्यात बांधून विकलीही जाते. परंतु येथे विवेक करावा लागतो. कसलेही लक्षण नसलेल्या माणसांत रोहिणी धोकादायक प्रमाणात अरुंद असणे विरळ असते. सरसकट तपासणीत अनेकांना नसलेला रोग चिकटविला जातो, त्यातून पुढच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया निघतात, आणि त्या शस्त्रक्रियांनीच काही जणांना पक्षाघात होतो. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१४ साली आणि पुन्हा २०२१ साली, लक्षणे नसलेल्या सर्वसाधारण प्रौढांची अशी तपासणी करू नये असा निर्वाळा दिला.

ज्याला इशारा मिळाला आहे त्याची गोष्ट मात्र सर्वस्वी वेगळी. काही मिनिटे हात लुळा पडून पुन्हा बरा झाला, बोलताना जीभ अडखळली, एका डोळ्यापुढे पडदा उतरावा तसा अंधार येऊन ओसरला, तर त्याला उन्हाचा किंवा पित्ताचा त्रास समजून घरी बसू नये. तो मोठ्या आघाताचा जासूद असतो आणि मोठा आघात बहुधा पुढच्या काही दिवसांतच येतो. अशा माणसाच्या मानेची, हृदयाची आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी व्हावयास हवी. इशारा मिळालेल्या आणि रोहिणी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्यास दोन वर्षांत त्याच बाजूच्या पक्षाघाताचा धोका सुमारे २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर येतो, असे उत्तर अमेरिकेतील १९९१ सालच्या मोठ्या चाचणीत दिसले. ही शस्त्रक्रिया दोन आठवड्यांच्या आत झाल्यास तिचा लाभ सर्वाधिक असतो. सारांश, दंडाची तपासणी सर्वांनी करावी, मानेची तपासणी ज्याला इशारा मिळाला त्याने तातडीने करावी. खर्चिक तपासणीच्या मोहात पडून साधी तपासणी चुकविणे हा उलटा व्यवहार होय.

आघात झाल्यावर घड्याळ महत्त्वाचे. रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची उपयुक्तता १९९५ साली सिद्ध झाली. परंतु ते साधारणतः साडेचार तासांच्या आत, आणि मेंदूत रक्तस्राव नाही याची सीटी स्कॅनने खात्री करून घेऊनच देता येते. हे तास आपल्याकडे कसे जातात? तोंड वाकडे झालेल्या माणसाला प्रथम मांत्रिकाकडे नेतात, कबुतराचे रक्त अंगाला चोळतात, नावाजलेल्या गावी लकव्याचे औषध घ्यायला निघतात. पालम किंवा पाथरी तालुक्यातील एखाद्या वाडीवरून वाहन मिळवून परभणीच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत येण्यात उरलेला वेळ सरतो. परभणीला २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही गोष्ट मोठ्या समाधानाची आहे. परंतु तेथील यंत्र आणि औषध वेळेवर येणाऱ्या रुग्णाच्याच उपयोगी पडते. चेहरा एका बाजूस ओढला जाणे, हात उचलता न येणे, वाणी बोबडी होणे, ही तीन लक्षणे गावातील प्रत्येक शाळेत शिकविली गेली तर ती शाळा रुग्णालयाचे निम्मे काम करील. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावयास पदवी लागत नाही.

जोतीरावांना हे तास कोणी देऊ शकले नाही. उजवे अंग गेल्यावर त्यांनी उरलेल्या अंगाशी व्यवहार मांडला. साठी उलटलेल्या माणसाने पाटीवर पहिले अक्षर गिरविणाऱ्या मुलाप्रमाणे डाव्या हाताला वळण लावणे किती जिकिरीचे असते, याची कल्पना कोणाही शिक्षकाला सहज येईल. फ्रान्सचे लुई पाश्चर यांच्यावर १८६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, असाच आघात होऊन डावे अंग दुर्बल झाले होते आणि त्यानंतर सतरा वर्षांनी त्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस माणसाला टोचली. आघातानंतर आयुष्य संपत नाही, शिकण्याची शक्ती मेंदूत शिल्लक असते, हे आजचे व्यायामोपचार मानतात. या दोघांनी ते आपल्या कृतीने दाखविले होते. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तक पुत्र यशवंत याचा विवाह जोतीरावांनी सत्यशोधक पद्धतीने लावला आणि १ एप्रिल १८८९ रोजी ग्रंथ पुरा केला.

परंतु या चित्रातील काळोखी बाजूही झाकू नये. कर्ता माणूस खाटेला खिळला की घराचा कणा मोडतो. आयुष्यभर हजारो रुपये लोककार्यात ओतलेल्या जोतीरावांच्या घरी ओढाताण सुरू झाली. त्यांचे मित्र मामा परमानंद यांना १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी साहाय्य मागावे लागले. प्रकृती खालावत गेली आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. यशवंत दत्तक म्हणून भाऊबंदांनी त्याच्या अधिकाराला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या. ग्रंथ १८९१ साली, लेखकाच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालविला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या.

महाराष्ट्र शासनाच्या मोफत उपचार योजनेला २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. त्या नावाशी इमान राखावयाचे तर केवळ उपचाराचा खर्च भागविणे पुरेसे नाही. दुःख दिसले की त्याच्या मागचे कारण शोधावे, त्या कारणाच्या मागचे कारण शोधावे आणि मुळाशी अज्ञान सापडले की तेथे घाव घालावा, ही जोतीरावांची रीत होती. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा याच रीतीने केली आणि पाण्यासाठी तळी-बंधारे, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतीचे शिक्षण असे उपाय सुचविले. त्या शिक्षणासाठी परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ उभे आहे. शेतीच्या बाबतीत जे ज्ञान बांधापर्यंत नेण्याचा यत्न येथे होतो, तसाच यत्न शरीराच्या बाबतीत उंबरठ्यापर्यंत व्हावयास हवा. घोल्यांच्या पेटीत रक्तदाबाचे यंत्र नव्हते. आज ते उपकेंद्राच्या टेबलावर आहे. पुढच्या पिढीतील कोणा शिक्षकाला, कोणा कारकुनाला डाव्या हाताने लिहिण्याची वेळ येऊ नये, एवढे त्या टेबलापर्यंत चालत गेल्याने पुष्कळदा साधेल.